भांडायला नेलेली केळी

"भांडायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये," असं म्हणून त्यांनी माझ्या काउंटरवर वेलची केळ्यांची एक फणी ठेवली, ती नीट माझ्याकडे सरकवली, खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले आणि मग कडाडून भांडायला सुरुवात केली.

भांडण एका माउसवरून होतं. माझ्याच दुकानातून नेलेला तो माउस आठवडाभरही चालला नव्हता. खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाशी भांडण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. आम्ही मूळचे कणकवलीकडचे, तोंड चालवणं आम्हाला शिकावं लागत नाही. पण त्या दिवशी "आधी एक खा, मग बोल" म्हणून त्यांनी केळं माझ्या हातात दिलं, मी ते सोलून तोंडात घातलं, आणि घास तोंडात असताना माणसाला ओरडता येत नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. केळं संपेपर्यंत त्यांचं सगळं म्हणणं मांडून झालं होतं. मी मुकाट्याने माउस बदलून दिला.

भांडखोर माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. संकुलाच्या सभेत असतात, रिक्षाच्या रांगेत असतात, काही तर घरातच असतात. पण भांडण संपल्यावर "उरलेली पोरांना दे, आज-उद्यात पिकतील" असं सांगून जाणारा भांडखोर मी तरी हा एकच पाहिला.

माझं दुकान वसई तालुक्यात बोळिंजला, एका मोठ्या संकुलाच्या तळमजल्यावर. संगणकाचे सुटे भाग विकायचे, हवा तसा संगणक जोडून द्यायचा, बिघडलेला उघडून पाहायचा, असा हा धंदा. नवं गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी माझ्या खांद्यावरून आत बघतं आणि विचारतं, "दादा नाहीत का?" दादा, म्हणजे माझा नवरा, मुंबईत एका कचेरीत असतो आणि त्याला घरातला फ्यूज बदलायचाही धीर होत नाही. या केळीवाल्या काकांनी हा प्रश्न कधीच विचारला नाही. टेबलावर उघडा पडलेला संगणक त्यांनी पाहिला, माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर पाहिला आणि म्हणाले, "तू जोडतेस? बरं." त्या एका 'बरं'मुळे ते मला आवडून गेले.

काका जवळच्याच नंदाखाल गावचे. बैठं घर, भोवती केळी-नारळाची वाडी, मागे विहीर. उंच, काटक माणूस, आणि अंगातल्या प्रत्येक शर्टावर तपकिरी डाग. केळीचा चीक कपड्याला लागला की कपडा फाटेपर्यंत त्याचा डाग जात नाही, हे वसईतल्या पोराटोरांना माहीत असतं. मला ते काकांच्या शर्टांवरून कळलं. काकी म्हणायच्या, "ह्यांच्या लग्नातल्या शर्टावर पण डाग होता. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं."

केळ्यांची जात भांडणाच्या आकारावर ठरायची. किरकोळ कुरबुरीला वेलची. वीज कार्यालय किंवा महापालिका असेल तर राजेळी. आणि अगदी गळ्याशी आलं तर सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून वाळक्या पानात बांधलेली, चिकट आणि अतिशय गोड. सुकेळी घेऊन काका दारात दिसले की वीज कार्यालयातला कारकून म्हणे खुर्चीवरून उठून उभा राहायचा.

मी एकदा विचारलं, "काका, भांडायला जाताना केळी कशाला?"

"हातात फणी असली ना बाय, की हात उगारता येत नाय. मग माणूस तोंडानंच भांडतो." थोडा विचार करून पुढे म्हणाले, "आणि येताना हात हलके असतात. बरं वाटतं."

असे हे काका एकदा भर दुपारी दुकानात आले ते रिकाम्या हाताने. भांडण नव्हतं. स्टुलावर बसून पाणी प्यायले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाय, मला विमान चालवायचंय."

मला वाटलं, उन्हाने असेल. पण प्रकरण खरंच गंभीर होतं. काकांना एकच मुलगी, ती कॅनडात. तिला दिवस गेले होते आणि आईने बाळंतपणाला यावं म्हणून ती रोज फोन करत होती. दोघांचे व्हिसा हातात होते. तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं, कारण काकी विमानात बसायला तयार नव्हत्या.

काकी भित्र्या होत्या असं मात्र समजू नका. वाडीत साप निघाला तर काका घरात जायचे आणि काकी काठी घेऊन बाहेर यायच्या. पण लहानपणी निर्मळच्या जत्रेत त्या मोठ्या पाळण्यात बसल्या होत्या. पाळणा त्यांना घेऊन थेट वर गेला आणि वीज गेली. खाली लोक उसाचा रस पीत होते, ओळखीची माणसं हात हलवत होती, आणि काकी आभाळात लटकत होत्या. तेव्हापासून त्यांचं मत ठाम झालं होतं. "वर जायचं भय नाय मला. वर कुणीपण नेतो. खाली कोण आणतो ते सांगा."

मुलीने समजावलं, जावयाने समजावलं. काकींनी एकच विचारलं, "बोट नाय का जात तिकडे?" फोन ठेवला की मात्र त्या स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या. डिंकाचे लाडू त्यांनी कधीच करून ठेवले होते. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आपण नसणार, हे त्यांना सहन होत नव्हतं आणि विमानही सहन होत नव्हतं.

यावर काकांनी जो उपाय काढला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. मुलीच्या जुन्या संगणकावर विमान चालवायचा एक खेळ होता. काका वाडीतलं काम आटोपून रोज त्यावर बसले, विमान उडवायला शिकले, आणि मुख्य म्हणजे उतरवायला शिकले. मग त्यांनी काकींना समोर बसवलं आणि विमान अलगद खाली आणून दाखवलं. म्हणाले, बघ, उतरलं की नाय? काकींनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. जुना संगणक तो, त्याला चित्र झेपत नव्हतं. खालची जमीन सगळी चौकोनी ठिगळांची दिसत होती.

"ही जमीन आहे?" काकी म्हणाल्या. "ही तर गोधडी. गोधडीवर काय, कुणीपण उतरेल."

म्हणून काका माझ्याकडे आले होते. "बाय, असं कर की खरं दिसलं पाहिजे. झाडाचं झाड दिसलं पाहिजे. तिला पटलं पाहिजे."

पडद्यावरचं चित्र रंगवायचं काम संगणकात ज्या भागाकडे असतं त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. त्याच सुमारास एका कंपनीचं अगदी नवं कार्ड बाजारात आलं होतं. मीच ते सुचवलं आणि तोंड भरून त्याची स्तुती केली. काका वाडीतून थेट आले होते. त्यांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि "एवढंसं आहे की," म्हणाले. मी ते त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं, पण कार्ड दिसायला स्वच्छ होतं. ओला चीक डोळ्यांना दिसत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

संगणक जोडून द्यायला मी नंदाखालला गेले. पहिलं उड्डाण बघायचा मान मलाही मिळाला. काकींनी बाहेर जायची साडी नेसली होती आणि मांडीवर पिशवी घेतली होती, कारण काकांनी सगळं खऱ्यासारखं करायचं ठरवलं होतं. विमान मुंबईहून उडालं आणि काकांनी ते थेट वसईवर आणलं. खाली खाडी चमकत होती. समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला दिसला, मग किनाऱ्यालगतची हिरवी पट्टी. काकी पुढे सरकल्या. "ती बघा, ती आपली वाडी! ती विहीर!" विहीर वगैरे काही दिसत नव्हतं, पण आम्ही दोघांनीही मान डोलावली. "थांबा ना जरा इकडेच," काकी म्हणाल्या. काकांची छाती फुगली.

मग विमान उतरवण्यासाठी मुंबईकडे वळलं. खाली इमारती दिसू लागल्या, हजार खिडक्या उन्हात लखलखल्या, समोर धावपट्टी आली. काकी श्वास रोखून बघत होत्या. चाकं आता टेकणार, आता टेकणार, आणि पडदा काळा झाला. पूर्ण काळा. संगणकातला पंखा तेवढा घुर्र करत राहिला.

काकी पिशवी घेऊन उठल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "नाय उतरलं."

पुन्हा उडवलं, पुन्हा तेच. वाडीवरून, समुद्रावरून विमान मजेत फिरायचं. पण खाली शहर आलं की कार्डाला काम जास्त पडायचं, ते तापायचं, आणि धावपट्टी दिसताच डोळे मिटायचं. काका रोज काकींना घेऊन उडत होते आणि रोज दोघं मिळून पडत होते. काकी लेकीला फोनवर सांगू लागल्या, "तुझ्या बाबांनी आज पण पाडलं मला. आधी खोटं होतं ते उतरायचं. आता खरं दिसतंय, तर खरंच पडतंय."

त्याच आठवड्यात माझ्या दुकानात वादळ शिरलं. ते कार्ड नेणारं प्रत्येक गिऱ्हाईक परत आलं. सगळ्यांचं दुखणं एकच, तापलं की पडदा काळा. भुईगावचा विल्सन लग्नाचे व्हिडिओ करतो. तो येऊन कपाळाला हात लावून बसला. "ताई, नवरी चर्चमध्ये शिरते आणि स्क्रीन ब्लॅक! नवरीची आई माझ्या मागेच उभी. ती बोलते, माझ्या पोरीची एंट्री तू मुद्दाम कापलीस. आता फादरपर्यंत गेलीये कंप्लेंट." बँकेत काम करणारे एक साहेब आमच्याच संकुलात राहतात. कामावरून आले की दार लावून ते गेम खेळतात आणि घरी सांगतात की ऑफिसचं काम चाललंय. त्यांना घरी रागावताही येत नव्हतं. त्यांनी इंटरनेटवर कंपनीला एकच तारा दिला आणि खाली एवढा लांब इंग्रजी अभिप्राय लिहिला की तो वाचून मलाच भीती वाटली.

कंपनीचं उत्तर आलं. कार्डात काही दोष नाही, विजेची तार ग्राहकाने नीट बसवलेली नाही. आता ती तार प्रत्येक संगणकात मी बसवली होती, माझ्या या हातांनी. माझं डोकं असं फिरलं की फोनवर मी वितरकाला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कणकवलीचं नाव राखलं, एवढंच सांगते.

विल्सन आणि बँकवाले साहेब दोघंही दुकानात उभे राहून माझ्यावर तोंड टाकत असताना काका दारात आले. मी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. वाळक्या पानात बांधलेली सुकेळी.

पण काका माझ्याशी भांडले नाहीत. त्यांनी पुडकं सोडलं, दोघांच्या हातात एकेक सुकेळं दिलं, एक मला दिलं. सुकेळं दाताला असं चिकटतं की निदान काही क्षण तरी दुकानात शांतता झाली. मग काका म्हणाले, "हिच्याशी भांडून काय? हिनं बनवलंय का ते? बनवणाऱ्याकडे जाऊ या. सगळे मिळून."

"नुकसानभरपाई मागायची काका," बँकवाले साहेब म्हणाले. "ग्राहक मंचात खेचायचं त्यांना."

"तुम्ही मागा, साहेब. मला भरपाई नको. मला उतरायचंय." काकांचा आवाज जरा पडला. "पोरीचे दिवस भरत आले. बायकोनं आता नाय म्हटलं तर मग जाण्यात काय अर्थ? मी एकटा जाऊन काय करू, बाळंतपण?"

त्यावर हसू आलं, आणि कुणीच हसलं नाही.

कंपनीचं सेवाकेंद्र वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत होतं. विल्सनची गाडी होती. आम्ही तिघं वेळेवर तयार होतो. काका आले ते खांद्यावर केळ्यांचं अख्खं लोंगर, म्हणजे सगळा घडच, घेऊन, त्याच सकाळी कापलेलं, हिरवंगार, माझ्या कमरेएवढं. "आज सुकेळी नाय?" मी विचारलं. "कंपनी आहे बाय," काका म्हणाले, "एवढं तरी न्यायला पाहिजे." विल्सनचा कॅमेरा आणि लोंगर मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसले आणि बँकवाले साहेब दाराला चिकटून बसले.

सेवाकेंद्रातला इंजिनिअर तरुण होता, सभ्य होता, आणि नेमका नवाकोरा पांढरा शर्ट घालून आला होता. काकांनी लोंगर त्याच्या टेबलावर ठेवलं आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. तो गोंधळला. त्याने टेबल मोकळं करण्यासाठी लोंगर दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मी काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

विल्सनचं आणि साहेबांचं कार्ड बाहेरून बघून इंजिनिअर पाठ केल्यासारखं बोलला, "तार बरोबर बसवलेली नाही." मी काही बोलणार तोच काकांनी मला हाताने थांबवलं. मग त्याने काकांचं कार्ड हातात घेतलं आणि त्याचा चेहरा बदलला. कार्डाच्या कडेला तपकिरी डाग होता, बोटांच्या आकाराचा.

"सर, हे लिक्विड डॅमेज आहे. चहा-बिहा सांडला असणार. हे तर वॉरंटीत बसणारच नाही."

"चहा नाय हो साहेब. केळीचा चीक आहे तो. माझ्याच हाताचा. वरून लागलाय, आत काय गेला नाय."

"असं आम्ही कसं मानणार, काका?"

काका थोडे पुढे वाकले आणि इंजिनिअरच्या शर्टाकडे अगदी मायेने पाहू लागले. "मानू नका. आज घरी जा, हा शर्ट धुवा. डाग गेला तर माझं कार्ड कचऱ्यात टाका. नाय गेला तर एवढंच करा, कार्ड उघडा आणि डाग आत गेलाय का बघा."

इंजिनिअरने शर्टाकडे पाहिलं. पांढराशुभ्र शर्ट. "कुठला डाग?"

"येईल," काका शांतपणे म्हणाले.

"बरं, तसं करतो," म्हणून इंजिनिअर हसला आणि आम्ही कार्डं तिथेच ठेवून निघालो. गाडीत बसल्यावर आधी विल्सन हसायला लागला, मग मी, मग बँकवाले साहेब असे हसले की त्यांचा चष्मा घसरला. काका मात्र खिडकीबाहेर बघत होते. "वाईट वाटलं," ते म्हणाले. "चांगला शर्ट होता."

काही दिवस काहीच झालं नाही. काकी तिकडे लाडूंचा डबा पुसून परत जागेवर ठेवत होत्या. काका दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, फोन आला का एवढं विचारून निघून जायचे. पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले. विमान नाही आणि भांडायलाही कुणी नाही, त्यामुळे त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

मग इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, तो डाग निघत नाहीये. बायकोने लिंबू लावलं, सोडा लावला. तिनेच घेतलेला शर्ट होता. तुमच्या काकांना काही इलाज माहीत आहे का, विचारते."

"ते जाऊ दे. कार्डाचं काय?"

"उघडलं ना. बोललो होतो तर उघडावं लागलं." तो जरा ओशाळून हसला. "डाग वरच आहे. पण आत वेगळंच निघालं. चिपची उष्णता ओढून घेणारी एक पट्टी असते, ती चिपवर बसलेलीच नाही, बाजूला सरकलीये. मग बाकीच्यांची पण उघडली. सगळ्यांची सरकलेली. फॅक्टरीतूनच. मी वर कळवलंय, सगळ्यांना बदलून मिळणार. तुमची तार बरोबर होती, मॅडम."

हे शेवटचं वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग दुकान उघडं टाकून मी स्कूटर काढली आणि थेट नंदाखाल गाठलं. काका केळीच्या बुंध्याशी वाकलेले होते. मी बांधावरूनच ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी आधी पंच्याने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मग म्हणाले, "त्याला सांग, चिकावर इलाज नाय. असता तर माझे शर्ट असे असते का?"

नवं कार्ड बसवलं त्या दिवशी त्यांच्या घरात जागा उरली नव्हती. विल्सन आला होता, कॅमेरा घेऊन. बँकवाले साहेब चक्क बायकोला घेऊन आले होते. घरी सगळं उघडकीला आलं होतं आणि बाईंनाच आता गेम खेळायचा होता. काकींनी पुन्हा तीच साडी नेसली आणि पिशवी मांडीवर घेतली. "किती वेळा नेसू ही?" असं पुटपुटल्या, पण बसल्या.

विमान उडालं. वाडी आली, किल्ला आला, सगळ्यांनी मिळून ती न दिसणारी विहीर पाहिली. मग विमान वळलं. इमारती आल्या. कार्डाचा पंखा फिरू लागला आणि मी मनातल्या मनात कुलदेवतेला हाक मारली. काकींनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी काकांच्या शर्टाची बाही धरली. धावपट्टी मोठी होत गेली, पडद्यावर तिच्या पांढऱ्या रेषा दिसू लागल्या, चाकं टेकली, विमानाने एक छोटी उडी घेतली, परत टेकलं, धावत राहिलं, हळू झालं, थांबलं.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे काकींकडे बघत होते.

काकी पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "उतरलं?"

"उतरलं," काका म्हणाले.

"मग बसून काय राहिलात? दार उघडा."

दार कुठल्या बटणाने उघडतं ते काकांना माहीतच नव्हतं. आजवर उतरून बाहेर पडायची वेळच आली नव्हती ना. बँकवाले साहेब धावत पुढे आले, त्यांनी कुठलंसं बटण दाबलं आणि पडद्यावर विमानाचं दार उघडलं. बाहेर मुंबईचं ऊन पडलं होतं. काकी पिशवी सांभाळत उठल्या, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाल्या, "पोरीला सांगा. येते म्हणावं." मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. डबा काढल्याचा आवाज आला. काका खुर्चीतच बसून होते. त्यांच्या बाहीवर काकींनी मुठीत धरलेली चुणी तशीच राहिली होती आणि ते तिच्यावरून हळूहळू बोट फिरवत होते. मी तोंड वळवलं, कारण मला रडू आलं होतं आणि विल्सन कॅमेरा घेऊन माझ्याकडेच वळत होता.

विमानतळावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. काकांना केळी नेऊ दिली नाहीत, त्यावरून ते थोडं भांडले, पण केळीच काढून घेतल्यामुळे भांडणात जोर नव्हता. आत शिरता शिरता काकी मागे वळल्या आणि मला म्हणाल्या, "उतरवणारा कोण आहे ग? ह्यांच्याएवढा सराव आहे का त्याला?"

दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडून काकी एवढ्या मोठ्याने ओरडल्या की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. "उतरलं ग! आणि दार पण उघडलं!"

नात झाली. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. थंडी संपली की येतो म्हणाले होते, मग उन्हाळा संपला की म्हणाले, आता नात चालायला लागली की येणार आहेत. वाडी पुतण्या बघतो. अधूनमधून फोटो येतात. परवा आलेल्या फोटोत एक मोठं झगझगीत दुकान आहे. बाळाच्या खोलीतला नवा हीटर आठवड्यात बंद पडला म्हणून काका तो परत द्यायला गेले आहेत. काउंटरपलीकडे एक उंच गोरी बाई उभी आहे. काकांच्या अंगात जावयाचा जाड कोट, बाजूला नातीला छातीशी घेऊन काकी, आणि काउंटरवर, नीट त्या बाईकडे सरकवलेली, दुकानातून विकत आणलेली पिवळी केळी. त्या बाईच्या हातात अर्धं सोललेलं केळं आहे आणि ती हसते आहे.

इथे बोळिंजला धंदा चालू आहे. नवे भाग येतात, काही बिघडतात, लोक तावातावाने परत येतात. हल्ली ते सगळे रिकाम्या हाताने येतात. तरी कुणी चिडून दुकानात शिरलं की मी अजून आधी त्याच्या हातांकडे बघते.